घासलेलं साउंड कार्ड: कॅपॅसिटर नंतर, आधी ओरखडा बघ

पाचोऱ्याच्या एका भावाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासचा माल जळगावात भंगारात गेला, त्यातून त्याने एक जुनं साउंड ब्लास्टर १६ उचललं, आयएसए स्लॉटवालं (जुन्या कॉम्प्युटरमधला कार्ड बसवायचा लांब स्लॉट), जंपरवालं (पिनांवर छोटी टोपी घालून सेटिंग करायचं). कार्ड पोत्यात बाकीच्या कार्डांसोबत कोंबलेलं होतं. जॅकजवळचे तीन कॅपॅसिटर उपटलेले, मागच्या बाजूला एक लांब ओरखडा, लोखंडी पट्टी वाकलेली. जुन्या पेंटियमवर डॉसमध्ये लावलं तर गेमचं म्युझिक वाजतं पण फक्त उजव्या बाजूने, आणि गोळीबार, बोलणं, दरवाजे असले आवाज अजिबातच नाहीत. त्याचं म्हणणं, "दादा, म्युझिक येऊ राहिलं म्हणजे चिप चांगली आहे ना, मग कॅपॅसिटर कितीचे टाकू तेवढं सांगा, आणि व्हिडिओत दाखवतात तसं बोर्ड ओव्हनमध्ये भाजून पाहू का?"

डिप्लोमाच्या सेकंड इयरला आहेस म्हणतोस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको भो. कॅपॅसिटरचं सांगतोच, पण ते टाकून तुझी फक्त डावी बाजू येईल, गोळीबार येणार नाही. तुझ्या कार्डाला एक नाही दोन आजार आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाच वेळी दिसले म्हणून तू ते एकात धरलेस, आणि कॅपॅसिटर डोळ्याला दिसतात म्हणून सगळा दोष त्यांच्यावर.

मी टीव्ही-टेपपासून सुरुवात केली, मग यूपीएस, मग कॉम्प्युटर, आता जुना माल शौक म्हणून बघतो. नेहमीच्या फॉल्टमध्ये आपण लक्षणावरून पार्टकडे जातो, की आवाज येत नाही म्हणजे अँप्लिफायर बघा, अँप्लिफायर ठीक तर मिक्सर बघा, असं. पण मार लागलेल्या बोर्डात उलटं करायला लागतं. तिथे पार्ट म्हातारा होऊन गेलेला नसतो, त्याला बाहेरून काहीतरी लागलेलं असतं, आणि जे लागलं ते एका दिशेने आलं, एका जागेवरून निघालं आणि दुसऱ्या जागेवर संपलं. ती वाट आधी शोधायची. त्या वाटेवर जे जे येतं ते सगळं संशयित, आणि वाटेच्या बाहेरचं सगळं, जोपर्यंत उलटा पुरावा मिळत नाही तोपर्यंत, निर्दोष धरायचं. असं केलं की दीडशे पार्टमधून दहा उरतात.

पोत्यात काय होतं ते डोळ्यासमोर आण. एका कार्डाच्या मागच्या बाजूला पार्टच्या कापलेल्या पायांची टोकं असतात, ती कानशीसारखी काम करतात. पोतं ओढलं की ती टोकं शेजारच्या कार्डावरून फिरतात. पार्टच्या बाजूने फिरली तर उभे कॅपॅसिटर आडवे होऊन उपटले जातात आणि तांदळाच्या दाण्याएवढे सरफेस माउंट पार्ट उडतात, मागच्या बाजूने फिरली तर हिरवा थर खरवडला जाऊन खालची तांब्याची लाइन कापते. तुझ्या कार्डावर दोन्ही बाजूंनी झालंय. म्हणून दोन आजार.

आता कामाला लागायच्या आधी एक. कार्ड तू चालू करून पाहिलंस, काही जळलं नाही, ठीक आहे, नशीब. पण पुढे कोणी असं कार्ड आणलं तर स्लॉटमध्ये घालायच्या आधी मल्टिमीटर लावायचा. आयएसएच्या कडेवर पार्टची बाजू म्हणजे ए, सोल्डरची बाजू म्हणजे बी, आणि मोजणी लोखंडी पट्टीकडून सुरू होते. मागे जो छोटा वेगळा तुकडा आहे तो १६ बिटचा, त्याच्या बाजू सी आणि डी. बी-१, बी-१० आणि बी-३१ ग्राउंड. बी-३ आणि बी-२९ वर पाच व्होल्ट, बी-९ वर बारा, बी-७ वर उणे बारा, बी-५ वर उणे पाच. कार्ड हातात धरून, काहीही न जोडता, ग्राउंड आणि या प्रत्येकामध्ये ओहम मोज. शेकड्यात किंवा किलो-ओहममध्ये काहीही आलं तरी चालेल, पण एक-दोन ओहम आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि ते कार्ड स्लॉटमध्ये जाणार नाही म्हणजे नाही. मार लागलेल्या बोर्डात हा शॉर्ट बहुतेक वेळा तडकलेल्या सिरॅमिक कॅपॅसिटरचा असतो, वरून नुसती केसाएवढी रेघ दिसते किंवा तीही दिसत नाही. आणि बघ, बी-९ चे बारा व्होल्ट आणि बी-१० चं ग्राउंड अगदी शेजारी आहेत, कडेवर धातूचा कीस अडकला तरी पुरे.

उणे पाचवरून आठवलं. नवीन एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये, उणे पाच येतच नाही, जुन्यात पांढरी वायर असायची. साउंड ब्लास्टर १६ ला सहसा फरक पडत नाही, पण काही जुन्या ८ बिट कार्डांना लागतं आणि मग लोक चांगलं कार्ड खराब समजून फेकतात.

आता मुख्य गोष्ट. म्युझिक येतं आणि गोळीबार येत नाही याचा अर्थ काय?

त्या काळच्या गेमचं म्युझिक म्हणजे रेकॉर्ड केलेलं गाणं नाही. यामाहाच्या एफएम चिपला प्रोसेसर नुसते आकडे पाठवतो की हा सूर लाव, हा सोड, आणि चिप स्वतः आवाज बनवते. त्याला काय लागतं? पत्त्याच्या (ॲड्रेसच्या) लाइनी, डेटाच्या आठ लाइनी, लिहिण्याचा सिग्नल बी-१३ आणि वाचण्याचा बी-१४. बस. गोळीबार मात्र रेकॉर्ड केलेला आवाज आहे, तो मेमरीतून डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, सरळ कार्डाकडे वाहत येतो आणि एक तुकडा संपला की कार्ड इंटरप्ट मारून सांगतं, पुढचा भर. म्हणजे त्याला जास्तीच्या तीन लाइनी लागतात: डीएमए १ ची मागणी बी-१८, तिचं उत्तर बी-१७, आणि इंटरप्ट ५ साठी बी-२३.

या तिन्ही बी बाजूला आहेत. सोल्डरच्या बाजूला. जिथे तुझा ओरखडा आहे.

पत्ते आणि डेटा सगळे ए बाजूला आहेत, म्हणजे समोर, आणि तिथे कडेजवळ काही लागलेलं नाही असं तूच म्हणतोस. म्हणून म्युझिक वाजतं, म्हणजे बी बाजूच्या बी-१३, बी-१४ ओरखड्यातून वाचलेल्या असणार. मला तरी हे चित्र स्वच्छ दिसतंय. शिवाय उजवी बाजू नीट वाजते म्हणजे मिक्सर जिवंत आहे, बारावरून पाच व्होल्ट करणारा ॲनलॉगचा रेग्युलेटर असेल तर तोही जिवंत आहे, अँप्लिफायरही निदान अर्धा जिवंत आहे. चिप मेली असेल ही भीती आत्ता बाजूला ठेव.

पण थांब, लगेच सोल्डरिंग गन गरम करू नको. गोळीबार न येण्याचं एक कारण बोर्डाशी संबंध नसलेलंही आहे. पेंटियमच्या बोर्डावर पीसीआय स्लॉट असतात आणि बायोस (कॉम्प्युटर सुरू होतानाचा सेटिंगचा प्रोग्राम) कधी कधी इंटरप्ट ५ एखाद्या पीसीआय कार्डाला देऊन टाकतो. बायोसमध्ये जाऊन जिथे इंटरप्ट वाटायचं पान आहे तिथे ५ नंबर लेगसी आयएसए करून ठेव, आणि शक्य असेल तर डिस्प्ले कार्ड सोडून बाकी सगळी कार्डं काढ. मग डॉस सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये ब्लास्टरची ओळ नीट आहे का बघ: ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६. पहिला पत्ता, मग इंटरप्ट, मग छोटा डीएमए, मग मोठा. हा पत्ता कार्डावरच्या जंपरशी जुळला पाहिजे. हे झाल्यावर क्रिएटिव्हचा डायग्नोज प्रोग्राम चालव आणि तो नेमका कुठे अडतो ते लिहून ठेव. पत्त्यावरच अडला तर गोष्ट वेगळी, पण तुझा पत्त्यावर अडणार नाही असं वाटतं, म्युझिक वाजतंय ना. इंटरप्टवर किंवा डीएमएवर अडेल.

आणि आता फुकटातली टेस्ट, जिच्यासाठी मी एवढं मोठं लिहायला बसलो. साउंड ब्लास्टर १६ मध्ये इंटरप्ट आणि डीएमए जंपरने नाही, सॉफ्टवेअरने बदलतात. इंटरप्ट २, ५, ७ किंवा १० चालतो, छोटा डीएमए ०, १ किंवा ३. प्रत्येकाची तांब्याची लाइन वेगळी. इंटरप्ट ५ बी-२३ वर आहे, ७ बी-२१ वर, आणि १० तर थेट मागच्या तुकड्यात डी-३ वर. डीएमए ३ बी-१५ आणि बी-१६ वर. मग काय करायचं, कार्डाला हात न लावता डायग्नोजमध्ये इंटरप्ट ५ चा १० कर आणि परत चालव. चालला तर चिप एकदम चांगली आहे, फक्त बी-२३ ची लाइन कापलीये. नाही चालला तर इंटरप्ट १० तसाच ठेवून डीएमए १ चा ३ कर. असं एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलास की कोणती लाइन तुटली ते तुला गन गरम करायच्या आधीच कळतं. ७ वापरायचा असेल तर बायोसमध्ये प्रिंटरचा पोर्ट बंद कर, तो त्याच इंटरप्टवर बसलेला असतो, आणि पोर्ट ईसीपी मोडमध्ये असेल तर डीएमए ३ पण तोच अडवून ठेवू शकतो.

लक्षणातूनही थोडं कळतं. आवाजाचा छोटा तुकडा एकदा वाजून गप्प होतो किंवा तोच तोच परत परत वाजत राहतो, तर डेटा येतोय पण इंटरप्ट पोहोचत नाही. एकदम शांतता असेल तर डीएमएकडे संशय जास्त. तू "अजिबातच नाही" लिहिलंयस म्हणून माझं बोट बी-१७, बी-१८ कडे जातं, पण हे पैज लावण्याइतकं पक्कं नाही, प्रत्येक गेम आपापल्या पद्धतीने वागतो, काही गेम सुरुवातीला कार्ड तपासतात आणि इंटरप्ट नाही मिळाला की आवाज स्वतःच बंद करून टाकतात.

आठ बिटचा आवाज आला पण सोळा बिटचा नाही, असं झालं तर मागच्या तुकड्याकडे जा. सोळा बिटचा आवाज डीएमए ५ वापरतो, डी-१० आणि डी-११. कार्ड किंचित तिरकं बसलं तरी मागचा तुकडा स्लॉटमधून वर उचलला जातो, आणि तुझी पट्टी वाकलेली आहे म्हणजे कार्ड तिरकंच बसत असणार! पट्टीचे स्क्रू काढून ती सपाट दगडावर ठेवून सरळ कर, कार्डावर लावलेली असताना पक्कडीने वाकवू नको, सगळा जोर जॅकच्या पायांवर येतो.

लाइन कळली की ओरखडा बघायचा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघण्यापेक्षा घड्याळवाल्याचं भिंग चांगलं, आणि उजेड वरून नको, बाजूने तिरपा पाड. वरून उजेड पडला की नुसता हिरवा थर खरवडलेला आणि खालची लाइन खरंच कापलेली यात फरक दिसत नाही. तिरप्या उजेडात कापलेल्या लाइनच्या मधोमध काळी फट दिसते आणि दोन्ही काठ थोडे वर उचललेले दिसतात. ते उचललेले काठ कधी कधी शेजारच्या लाइनला टेकतात, म्हणजे एक लाइन तुटली आणि दोन जुळल्या असा दुहेरी घोटाळा. म्हणून ओरखड्यातली प्रत्येक लाइन दोनदा मोजायची: एकदा स्वतःच्या अलीकडून पलीकडे, जिथे जवळजवळ शून्य ओहम यायला पाहिजे, आणि एकदा शेजारणीशी, जिथे शून्य यायला नको. मल्टिमीटरची टोकं जाड असतील तर त्यांना शिवणाच्या सुया बांध, हिरव्या थरातून टोचून मोजता येतं.

जोडायचं कसं. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंचा हिरवा थर दोन-तीन मिलिमीटर ब्लेडच्या टोकाने हळू खरवड, चकचकीत तांबं दिसलं की राळ लावून त्यावर सोल्डरचा पातळ थर चढव, आणि वरून बारीक तारेचा तुकडा आडवा ठेवून टेकव. तार कुठून आणायची? आपल्याकडे गल्लीगल्लीत मोटार रिवाइंडिंगवाले आहेत, विहिरीवरच्या पंपांचं काम तर बाराही महिने चालतं, त्यांच्याकडे पंख्याच्या वाइंडिंगची इनॅमलची बारीक तार मागायला गेलास तर हातभर तार फुकट देतील. टोकांवरचा इनॅमल ब्लेडने खरवडून किंवा गनने जाळून काढ, नाहीतर सोल्डर बसल्यासारखं दिसतं आणि आत जोड नसतो. हार्डवेअरच्या दुकानात डबीत जी सोल्डरिंग पेस्ट मिळते ती इथे नको, त्यातल्या बऱ्याच पेस्ट आम्लाच्या असतात, आज काम होतं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर लाइन हिरवी पडून गळते. राळ म्हणजे राळच घे. आणि पंखा बंद करून काम कर, मे महिन्यात आपल्याकडे जीव जातो माहितीये, पण पंख्याच्या वाऱ्यात बारीक जोड थंड बसतो. सकाळी लवकर कर.

बोर्ड टॉर्चसमोर धर. उजेड ठिकठिकाणी आरपार दिसला तर आत वेगळा थर नाही, फक्त दोन बाजू, मग हे काम घरी होण्यासारखं आहे. पूर्ण काळं दिसलं तर आतही थर असू शकतात, तेव्हा खरवडताना खोल जाऊ नको.

आता तुझे कॅपॅसिटर. मी फोटो न बघता आकडा सांगणार नाही, आणि फोटो बघूनही एकदम नाही सांगणार, कारण एकाच मॉडेलच्या कार्डात मागच्या-पुढच्या बॅचमध्ये पार्ट बदललेले मी पाहिलेत. पण तुला आकडा विचारायची गरजच नाही. कार्ड स्टिरिओ आहे. डाव्या बाजूला जे आहे तेच उजव्या बाजूला आहे, आणि तुझी उजवी बाजू शाबूत आहे. जॅकच्या पायापासून उजव्या चॅनेलची लाइन पकड, ती कोणत्या कॅपॅसिटरमध्ये जाते ते बघ, त्याच्यावरचा आकडा वाच. तोच डावीकडे. मायक्रोफॅरड तेवढेच ठेव, व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नको.

अंदाज यावा म्हणून सांगतो. बऱ्याच साउंड ब्लास्टर १६ वर टीडीए १५१७ ही अँप्लिफायरची आयसी असते. ती एकाच सप्लायवर चालते, म्हणजे तिचा आउटपुट आवाज नसतानाही सप्लायच्या निम्म्यावर, बारा व्होल्ट असतील तर सहाच्या आसपास उभा असतो. ते सहा व्होल्ट स्पीकरकडे जाऊ नयेत म्हणून मध्ये एक मोठा कॅपॅसिटर, काही शे मायक्रोफॅरडचा. तो गेला की ते चॅनेल पूर्ण गप्प. तुझी डावी बाजू यामुळेच गप्प असणार. मिक्सर आणि अँप्लिफायरच्या मध्ये असतात ते लहान, १ ते १० मायक्रोफॅरडच्या आसपासचे. तिसरा जो गेलाय तो कदाचित सप्लायवरचा फिल्टर असेल. त्याचं एक टोक ग्राउंडला आणि दुसरं बारा किंवा पाच व्होल्टला जातं का ते मोजून बघ. तो नसला तरी कार्ड बोलतं, फक्त घरघर वाढते, म्हणून त्याला जोडीदार नाही सापडला तर शेजारी तेवढ्याच जागेत बसणारा जो आहे त्याच्याइतका टाकून चालून जातं. कपलिंगच्या, म्हणजे आवाज ज्यातून पुढे जातो त्या कॅपॅसिटरमध्ये मात्र असा अंदाजपंचे कारभार नको, दोन्ही बाजूंचा आवाज वेगळा येतो आणि मग खालचे सूर एका कानात कमी का याचा शोध घेत बसशील.

पोलॅरिटीचं लक्षात ठेव. कॅपॅसिटरवर पट्टी असते ती उणे, बोर्डावर मात्र काही कंपन्या अधिकची खूण करतात आणि काही उणेचा अर्धा गोल भरतात. खुणेवर विश्वास ठेवण्यापेक्षा उजवीकडचा शाबूत भाऊ कसा बसलाय ते बघ.

इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण इथेच बहुतेक पोरं अडकतात. कॅपॅसिटर जेव्हा कापला जात नाही, ओढून उपटला जातो, तेव्हा तो एकटा येत नाही. बोर्डाच्या भोकात आतून तांब्याची बारीक नळी असते, ती वरच्या बाजूची लाइन आणि खालच्या बाजूची लाइन जोडते. पाय ओढला गेला की ती नळी पायाला चिकटून बाहेर येते. तुझ्या उपटलेल्या कॅपॅसिटरपैकी एखादा पोत्यात सापडला असेल तर त्याचे पाय भिंगाखाली बघ, तांब्याची कडी दिसेल. अशा भोकात तू नवा कॅपॅसिटर घालून खालून मस्त गोल सोल्डर मारलास तरी वरच्या लाइनला तो जोडलेलाच नसतो. दिसायला एक नंबर, आवाज शून्य. म्हणून घालायच्या आधी भोकाच्या दोन्ही बाजू बघ. वर लाइन येत असेल तर कॅपॅसिटर बोर्डापासून जरा उंच ठेव म्हणजे वरूनही सोल्डर मारता येईल, आणि पॅडच उडालं असेल तर पाय वाकवून लाइनवर थोडा पुढे जाऊन टेकव. शेवटी पायापासून त्या लाइनच्या पुढच्या पार्टपर्यंत मोज. उडालेलं पॅड फेविक्विकने चिकटवायच्या भानगडीत पडू नको, गन लावली की परत उठतं.

हे झालं की हेडफोन लावायच्या आधी, आधी म्हणजे आधीच, कार्ड चालू करून जॅकवर डीसी व्होल्ट मोज. दोन्ही चॅनेलवर शून्याच्या जवळ पाहिजे. सुरू करताना क्षणभर उडी मारेल आणि खाली येईल, ते चालतं. कुठे सहा व्होल्ट उभे दिसले तर कॅपॅसिटर शॉर्ट आहे किंवा तू चुकून बायपास केलायस, आणि हेडफोनची कॉइल तिथे जळते. पहिल्यांदा वाजवायला जुना, फेकायला काढलेला स्पीकर घे.

सगळं करूनही डावी बाजू गप्पच, तर जुन्या रेडिओवाल्यांची पद्धत. कॉम्प्युटरचे पॉवरवाले छोटे स्पीकर घे, त्याच्या वायरच्या टोकाला १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कॅपॅसिटर लाव, ग्राउंड कार्डाच्या ग्राउंडला क्लिप कर, आणि म्युझिक चालू ठेवून त्या टोकाने मिक्सरपासून जॅककडे एक एक पायरी टेकवत जा. जिथे आवाज गायब होतो त्याच्या अलीकडच्या पायरीत दोष. लाइन आउट आणि स्पीकर आउट यांचे जंपर कार्डावर असतील तर लाइनवर टाकून बघ, अँप्लिफायर मधून निघून जातो आणि शोध निम्मा होतो. जॅकजवळचे ते काळे-करडे ठोकळे, फेराइटचे, एखादा उडाला असेल तर तात्पुरती तार टाकून बघायला हरकत नाही. आणि जॅकचे पाय! पट्टी वाकलेल्या कार्डात जॅकच्या पायांभोवती सोल्डरमध्ये गोल चीर पडलेली असते, प्लग हलवला की आवाज येतो-जातो. सगळे पाय नव्याने सोल्डर करून टाक, पाच मिनिटांचं काम आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. क्रिएटिव्हच्या स्वतःच्या चिप, सीटीने सुरू होणारे नंबर, त्या नव्या कुठेच मिळत नाहीत, फक्त दुसऱ्या मेलेल्या कार्डावरून काढायच्या. तसली चिप कोपऱ्यातून फुटली असेल किंवा तिचे पाय मुळापासून तुटले असतील तर तुझं कार्ड दुसऱ्या कोणासाठी पार्टचं दुकान आहे असं समज. अँप्लिफायर, ऑप-अँप, रेग्युलेटर, कॅपॅसिटर मात्र मिळतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये आता सगळा मोबाइलचा माल दिसतो, पण विचारलं तर कॅपॅसिटर निघतात. आयसीसाठी मुंबईला लॅमिंग्टन रोडला कोणी जाणारं असेल तर त्याला चिठ्ठी दे. कार्डावर क्रिस्टलची चपटी धातूची डबी असेल आणि कार्ड उंचावरून पडलेलं असेल तर तिच्यावरही संशय ठेव, आतला क्वार्ट्झ तडकतो आणि बाहेरून काही दिसत नाही. तुझ्या कार्डाचं तसं वाटत नाही.

वयाचा दोष वेगळा मोज. १९९२ मध्ये आलेलं हे मॉडेल आहे, तुझं कार्ड दोन-चार वर्षं इकडे-तिकडे असेल, आणि पत्र्याच्या शेडमध्ये आपला उन्हाळा, ४५ च्या पुढे जाणारा, किती वर्षं काढले कोणास ठाऊक. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर उष्णतेने वाळतात. म्हणून उजव्या बाजूचे शाबूत दिसतात तेही शेवटी बदलून टाक, पण शेवटी, आधी नाही. ज्याच्याशी तुलना करायची तोच बदलला तर मोजायला काही उरत नाही. आणि कधी मिडीचं (सुरांचे आकडे घेऊन वाजवणारं) बाहेरचं मॉड्यूल लावलंस आणि सूर अडकून वाजत राहिला तर तो माराचा दोष नाही, कार्डावरच्या डीएसपी चिपच्या ४.११ ते ४.१३ या आवृत्त्यांना ती जन्मजात खोड आहे, तिच्यामागे ओरखडे शोधत बसू नको.

ओव्हनचं राहिलं. नाही. तो प्रकार लोक ग्राफिक कार्डाच्या चिपखालच्या गोळ्यांसाठी करतात आणि तिथेही तो फार टिकत नाही. तुझ्या कार्डावर तसल्या चिप नाहीतच. कापलेली लाइन गरम केल्याने जुळत नाही, उपटलेला कॅपॅसिटर परत उगवत नाही, उलट जे शाबूत आहेत ते फुगतील, जॅकचं प्लास्टिक वाकेल आणि वर त्याच ओव्हनमध्ये घरचे उद्या नानकटाई करतील.

आधी इंटरप्ट १० आणि डीएमए ३ वाली टेस्ट कर, आणि इथेच खाली लिही की डायग्नोज कुठे अडला, बी-१७, बी-१८, बी-२३ पासून ओरखड्याच्या पलीकडे किती ओहम आले, आणि उजव्या बाजूच्या कॅपॅसिटरवर काय छापलंय. फोटो टाकशील तर मागच्या बाजूचा टाक, तिरप्या उजेडात.